लहानसं वारेझे आणि सलग दहा अंतिम सामने

1970 ते 1979 या दहा वर्षांत युरोपातल्या बास्केटबॉल क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचे दहा अंतिम सामने झाले. दहाही वेळा मैदानात उतरलेल्या दोन संघांपैकी एक संघ तोच होता. समोरचा बदलत राहिला : कधी मॉस्को, कधी माद्रिद, कधी स्प्लिट, कधी तेल अवीव, कधी सारायेव्हो. हा मात्र दर वर्षी हजर. त्यातले पाच सामने तो जिंकला, पाच हरला. असा सलग दहांचा विक्रम त्याआधी कोणी केला नव्हता आणि नंतर आजवर कोणाला जमलेला नाही.

हा संघ वारेझेचा. मिलानच्या वायव्येला पन्नासेक किलोमीटरवर, आल्प्सच्या पायथ्याशी हे शहर आहे. शेजारी तळं, जवळच स्वित्झर्लंडची सीमा, आणि वस्ती लाखाच्या आत. एवढ्याशा शहराचा संघ मॉस्कोच्या लष्करी क्लबला आणि रेआल माद्रिदला कसा पुरून उरला, हे समजून घ्यायचं तर नुसती विजेतेपदांची यादी वाचून भागत नाही. त्या काळचे नियम आणि इटलीतल्या क्लबांची पैशांची व्यवस्था कळली की मगच त्या यादीचं खरं वजन जाणवतं. म्हणून आधी तेच पाहू.

सुरुवात नावापासून. क्लबचं मूळ नाव पाल्लाकानेस्त्रो वारेझे. 'पाल्ला' म्हणजे चेंडू, 'कानेस्त्रो' म्हणजे टोपली. इटालियन लोकांनी बास्केटबॉल या शब्दाचं सरळ भाषांतर करून टाकलंय. क्लबची स्थापना 1945 सालची, युद्ध संपलं त्या वर्षीची. पण जुन्या निकालांत हे नाव शोधायला गेलात तर गोंधळ उडेल. एका वर्षी संघ 'इग्निस' असतो, पुढे 'मोबिलजिर्जी' होतो, मग 'इमर्सन', त्यानंतर 'काजिवा', 'चिम्बेरियो'. हे सगळे वेगळे संघ वाटतात, पण क्लब एकच. इटलीच्या बास्केटबॉलमध्ये प्रायोजक कंपनीचं नाव थेट संघाच्या नावालाच जोडतात. या व्यवस्थेला ते 'अब्बिनामेन्तो' म्हणतात, म्हणजे जोडी जुळवणं. कंपनी पैसे देते, आणि वर्तमानपत्रात निकाल छापून येतो तो कंपनीच्या नावानं. प्रायोजक बदलला की नाव बदलतं. खेळाडू, मैदान, प्रेक्षक तिथेच राहतात.

वारेझेची अशी जोडी 1956 मध्ये जुळली ती इग्निसशी. आपल्याकडे हे नाव ऐकलं की मारुतीची गाडी आठवते, पण ही इग्निस म्हणजे घरगुती उपकरणांची इटालियन कंपनी. इटलीत नावाचा उच्चार 'इन्यिस' असा काहीसा करतात. शब्द लॅटिन आहे, अर्थ आग. आपल्या 'अग्नी'चा तो सख्खा भाऊबंद. दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळातून आलेले. जोव्हान्नी बोर्गी हे तिचे मालक. मूळचे मिलानचे. घराण्याचा धंदा विजेच्या शेगड्यांचा, म्हणून नाव आगीचं. युद्धात मिलानवर बॉम्ब पडू लागले तेव्हा हे कुटुंब वारेझेजवळच्या कोमेरियो गावात आलं आणि तिथेच कारखाना वाढला. पुढच्या वीस वर्षांत इटलीतल्या घराघरांत फ्रिज पोचला, आणि त्यातले पुष्कळ फ्रिज बोर्गींच्या कारखान्यातून निघालेले होते. नावात आग आणि धंदा बर्फाचा, तरी नाव त्यांनी बदललं नाही.

बोर्गींना खेळांचं विलक्षण वेड होतं. सायकल शर्यतींचा संघ, बॉक्सिंग, वारेझेचा फुटबॉल क्लब या सगळ्यांच्या मागे त्यांचा पैसा होता. कारखान्यातल्या माणसांसाठी त्यांनी घरंही बांधली. बास्केटबॉलमध्ये मात्र त्यांनी नुसता पैसा ओतला नाही. पगार वेळेवर, प्रवास नीट, चांगला खेळाडू दिसला की करार, आणि ही घडी वर्षानुवर्षं तशीच. 1961 मध्ये इटलीचं पहिलं अजिंक्यपद आलं, 1964 मध्ये दुसरं. त्याच 1964 मध्ये मास्नागो भागात नवं बंदिस्त मैदान उभं राहिलं. पुढे बोर्गींचा धंदा आधी फिलिप्सकडे आणि नंतर व्हर्लपूलकडे गेला. हीच व्हर्लपूल पुण्याजवळ रांजणगावला फ्रिज बनवते. मास्नागोच्या मैदानावरही बरीच वर्षं तिच्या नावाची पाटी होती.

आता इटलीच्या अजिंक्यपदाविषयी. त्याला 'स्कुदेत्तो' म्हणतात, म्हणजे छोटी ढाल. जिंकलेला संघ पुढचं वर्षभर जर्सीवर तिरंगी ढालीचं चिन्ह शिवून खेळतो. त्या काळात प्ले-ऑफ, म्हणजे हंगामाच्या शेवटी वरच्या संघांमध्ये होणाऱ्या बाद फेऱ्या, नव्हते. बहुतेक वर्षं प्रत्येक संघ बाकीच्या प्रत्येकाशी दोनदा खेळायचा, एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे. शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. दोघांचे गुण सारखे झाले तर एक जादा निर्णायक सामना. प्ले-ऑफ आले ते 1976-77 च्या हंगामात.

युरोपची स्पर्धा याच्या वरची पायरी. तिचं त्या वेळचं नाव चॅम्पियन्स कप, आज ती युरोलीग म्हणून ओळखली जाते. पण आजच्यात आणि तेव्हाच्यात मोठा फरक आहे. आज मोठ्या क्लबांना तिथे कायमची जागा असते. तेव्हा प्रवेशाचे रस्ते दोनच : एक तर आदल्या वर्षी आपल्या देशाचं अजिंक्यपद मिळवा, नाहीतर आदल्या वर्षीचा युरोपचा करंडकच तुमच्याकडे असला पाहिजे. दुसऱ्या क्रमांकाला काहीही नाही. शेवटी एकच अंतिम सामना, तोही तिसऱ्याच गावात. एक वाईट संध्याकाळ आणि वर्ष गेलं.

हा नियम डोक्यात ठेवून वारेझेची दहा वर्षं पाहा. इटलीचं अजिंक्यपद त्यांनी 1969, 1970, 1971, 1973, 1974, 1977 आणि 1978 मध्ये मिळवलं. म्हणजे सात वेळा समोरच्या दारानं आत. मग 1972, 1975 आणि 1976 चं काय? त्या वर्षी इटलीत अनुक्रमे मिलान, कान्तू आणि बोलोन्या जिंकले होते. सरळ हिशेबानं वारेझे बाहेर पडायला हवं होतं. पण नेमक्या त्याच तीन वर्षांत युरोपचा करंडक वारेझेनं जिंकलेला होता, आणि गतविजेता म्हणून त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. घरात हरले तेव्हा बाहेरच्या विजयानं तारलं, बाहेर हरले तेव्हा घरच्या अजिंक्यपदानं. अशी ही साखळी दहा वर्षं तुटली नाही. 1979 मध्ये पहिल्यांदा असं झालं की दोन्हीकडे हात रिकामे राहिले, आणि साखळी तिथे थांबली. मला या सगळ्या कथेत सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. या दहा वर्षांत एकदा जरी दोन्ही बाजू एकदम पडल्या असत्या, तरी हा विक्रम झाला नसता.

तिसरा नियम परदेशी खेळाडूंचा. इटलीच्या लीगमध्ये त्या दशकात बहुतेक काळ एका संघाला एकच परदेशी खेळाडू चालायचा, युरोपच्या कपात दोन. त्यामुळे श्रीमंत मालकालाही बाहेरून अख्खा संघ विकत आणता येत नसे. मैदानातले पाचातले तीन-चार जण इटालियनच असायचे. ज्याच्याकडे देशी खेळाडूंची पक्की फळी, तोच टिकणार. वारेझेकडे ती होती.

त्या फळीचा कणा म्हणजे दिनो मेनेगिन. जन्म 1950 चा, व्हेनेतोमधल्या आलानो दी पियावे गावचा, पण वाढला वारेझेत. उंची दोन मीटरच्या वर, खांदे रुंद, आणि बास्केटखालच्या झोंबाझोंबीत मागे हटणं ठाऊकच नाही. बास्केटबॉलमध्ये या जागेला सेंटर म्हणतात. फेकलेला चेंडू कड्यावर आपटून परत आला की तो झडपायचा, त्याला रिबाउंड म्हणतात, आणि समोरच्या धिप्पाड माणसाला बास्केटजवळ फिरकू द्यायचं नाही, हे त्याचं मुख्य काम. दिनो सोळाव्या वर्षी मुख्य संघात आला आणि 1981 पर्यंत वारेझेचा होता. वारेझेची सात अजिंक्यपदं आणि पाचही युरोपियन करंडक त्याच्या नावावर आहेत. पुढे मिलानकडून त्यानं आणखी पाच अजिंक्यपदं आणि दोन युरोपियन करंडक मिळवले, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी थांबला. 2003 मध्ये अमेरिकेतल्या नेस्मिथ हॉल ऑफ फेमनं त्याला आपल्यात घेतलं.

चेंडू कोणाकडे कधी जाणार हे ठरवणारा होता आल्दो ओस्सोला, अस्सल वारेझेचा. ही जागा पॉइंट गार्डची. इटालियन चाहत्यांनी त्याचं नाव 'फॉन करायान' ठेवलं होतं, प्रसिद्ध ऑर्केस्ट्रा संचालकावरून. स्वतः गुण करण्यापेक्षा वाद्यवृंद सुरात ठेवणं हे त्याचं काम होतं, म्हणून. त्याचा थोरला भाऊ फ्रांको ओस्सोला तोरिनोचा फुटबॉलपटू होता. 4 मे 1949 रोजी सुपेर्गाच्या टेकडीवर तोरिनो संघाचं विमान कोसळलं, त्यात तो गेला. आल्दो तेव्हा चार वर्षांचा होता. वारेझेच्या फुटबॉल मैदानाला फ्रांकोचं नाव आहे आणि ते मास्नागोतच, बास्केटबॉलच्या मैदानाला लागून आहे. आल्दोची बहुतेक कारकीर्द भावाच्या नावाच्या पाटीशेजारी घडली.

यांच्याबरोबर इव्हान बिस्सोन, मारिनो झानात्ता, ओत्तोरिनो फ्लाबोरेआ, एदोआर्दो रुस्कोनी. आणि त्यांच्यात मिसळून गेलेले दोन परदेशी.

पहिला मानुएल रागा, मेक्सिकोचा. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये यजमान संघ पाचवा आला, त्या संघातला हा खेळाडू त्याच वर्षी वारेझेला आला. उंची फार नव्हती, पण उडी अशी की लोक त्याला 'उडता मेक्सिकन' म्हणू लागले. 1970 मध्ये अमेरिकेतल्या एनबीएच्या अटलांटा हॉक्सनं खेळाडू निवडीच्या वार्षिक फेऱ्यांमध्ये, म्हणजे ड्राफ्टमध्ये, दहाव्या फेरीत रागाचं आणि अकराव्या फेरीत मेनेगिनचं नाव घेतलं. अमेरिकेबाहेर खेळणाऱ्या परदेशी खेळाडूंना असं निवडण्याची ती पहिलीच वेळ. दोघांपैकी कोणीच तिकडे खेळला नाही. आज युरोपचे खेळाडू एनबीए गाजवतात, त्या वाटेवरची पहिली दोन नावं या लहानशा शहरातली आहेत.

दुसरा बॉब मोर्स. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातून 1972 मध्ये आला आणि नऊ हंगाम राहिला. लांबून मारलेला त्याचा चेंडू जाळीतून अलगद उतरायचा. इथे एक गोष्ट लक्षात घ्या : आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा 1984 मध्ये आली. म्हणजे मोर्सनं कितीही लांबून टाकला तरी मिळायचे दोनच गुण. जुने निकाल आजच्या निकालांशी ताडून पाहताना हे विसरू नये.

आता राहिला या सगळ्यांना एका दावणीला बांधणारा माणूस. 1969 मध्ये अलेक्सांदर निकोलिच प्रशिक्षक म्हणून आले. युगोस्लाव्हियाच्या बास्केटबॉलचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. सगळे त्यांना 'प्रोफेसर' म्हणत. सराव कठोर आणि बचावाला पहिलं स्थान. चार वर्षांत त्यांनी संघाला चार वेळा अंतिम सामन्यात नेलं आणि तीन वेळा जिंकवलं. पहिला सामना 9 एप्रिल 1970 चा, सारायेव्होत, मॉस्कोच्या सीएसकेए या लष्करी क्लबशी. वारेझे 79-74 नं जिंकलं. निकोलिच यांचा जन्म सारायेव्होचाच. आपल्या जन्मगावी, परक्या देशाच्या क्लबला घेऊन त्यांनी युरोप जिंकला.

पुढच्या वर्षी अँटवर्पमध्ये त्याच मॉस्कोनं उट्टं काढलं, 67-53. 1972 मध्ये तेल अवीवला स्प्लिटच्या युगोप्लास्तिकावर 70-69 असा एका गुणानं विजय. 1973 मध्ये लिएजमध्ये पुन्हा मॉस्को, आणि 71-66 नं पुन्हा वारेझे. ते 1973 साल तर भरभरून देणारं होतं : इटलीचं अजिंक्यपद, इटलीचा कप, युरोपचा करंडक आणि वेगवेगळ्या खंडांतले क्लब जिथे भिडत तो इंटरकाँटिनेंटल कप, चारही एकाच वर्षात. 1970 मध्येही हे चारही त्यांच्याकडे होते.

निकोलिच गेल्यावर सांद्रो गाम्बा आले. त्यांचं येणं धाडसाचं होतं, कारण त्यांची सगळी घडण कट्टर प्रतिस्पर्धी मिलानची. चार वर्षांत चार अंतिम सामने त्यांनीही गाठले. तीन वेळा समोर रेआल माद्रिद : 1974 मध्ये नान्तला 82-84 असा पराभव, मग 1975 मध्ये अँटवर्पला 79-66 आणि 1976 मध्ये जिनिव्हाला 81-74 असे दोन विजय. याच काळात, 1975 मध्ये, बोर्गी वारले. त्याच उन्हाळ्यात इग्निसचं नावही जर्सीवरून उतरलं आणि फर्निचर बनवणारी मोबिलजिर्जी कंपनी आली. मालक गेला, नाव गेलं, तरी संघ पुढची चार वर्षं अंतिम सामना गाठत राहिला. घडी किती पक्की बसवली होती, ते यावरून दिसतं.

1977 मध्ये बेलग्रेडला मक्काबी तेल अवीवनं 78-77 नं हरवलं. मक्काबीचा तो पहिला युरोपियन करंडक. इस्राएलमध्ये तो विजय आजही मोठ्या अभिमानानं आठवतात. 1978 मध्ये म्युनिकला माद्रिदनं हरवलं, 75-67. आणि 1979 मध्ये ग्रेनोबलला समोर आला बोस्ना, म्हणजे सारायेव्होचा क्लब. बोस्नाच्या झार्को वारायिचनं त्या रात्री एकट्यानं 45 गुण केले, तेही तीन गुणांची रेषा नसताना. निकाल 96-93. जी दौड सारायेव्हो शहरात सुरू झाली होती, ती सारायेव्होच्याच संघानं थांबवली.

हरलेल्या पाच सामन्यांतले तीन पाहा : 1974 मध्ये दोन गुणांनी, 1977 मध्ये एका गुणानं, 1979 मध्ये तीन गुणांनी. तिन्ही मिळून सहा गुण. पाच करंडक आणि आठ करंडक यांत अंतर होतं ते एवढंच. हरलेले अंतिम सामने लोक विसरतात. मला मात्र वाटतं, वारेझेची खरी उंची त्यांतच दिसते. बेलग्रेडला एका गुणानं हरल्यावर पुढच्या वर्षी पुन्हा तिथवर चढायचं, तिथेही हरायचं, आणि तरी तिसऱ्या वर्षी परत यायचं, याला फार मोठं काळीज लागतं.

1980 मध्ये चॅम्पियन्स कपचं दार बंद होतं, तेव्हा त्यांनी खालचा कप विनर्स कप जिंकला, शेजारच्या कान्तूला 90-88 नं हरवून. मग 1981 मध्ये मेनेगिन मिलानला गेला, मोर्सही गेला, आणि तो काळ सरला. 1992 मध्ये तर संघ खालच्या श्रेणीत घसरला. इटलीत तळाला राहिलेल्या संघाला खालच्या लीगमध्ये जावं लागतं, त्याचा इतिहास कितीही मोठा असला तरी.

दहावं अजिंक्यपद यायला 1999 उजाडलं, आधीच्यानंतर एकवीस वर्षांनी. इटलीत दहा अजिंक्यपदं झाली की जर्सीवर एक तारा लावता येतो, म्हणून त्या विजयाला वारेझेचे लोक 'ताऱ्याचा स्कुदेत्तो' म्हणतात. प्रशिक्षक कार्लो रेकालकाती. अंतिम मालिकेत त्रेव्हिझोचा 3-0 असा फडशा. जानमार्को पोझेक्को, जाकोमो गालांदा आणि आंद्रेआ मेनेगिन हे संघाचे लाडके. होय, आंद्रेआ हा दिनोचा मुलगा. बापलेक एकमेकांविरुद्धही खेळलेत : 1990 मध्ये दिनो चाळिसाव्या वर्षी त्रिएस्तेकडून, आंद्रेआ सोळाव्या वर्षी वारेझेकडून. आणि त्या 1999 च्या उन्हाळ्यात आंद्रेआ इटलीकडून युरोपचा विजेता झाला, तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते बोग्दान तान्येविच. वीस वर्षांपूर्वी ग्रेनोबलमध्ये त्याच्या वडिलांच्या संघाला हरवणाऱ्या बोस्नाचे प्रशिक्षकही तेच. वडील 1983 मध्ये युरोपचे विजेते झाले होते ते गाम्बांच्या हाताखाली, आणि तेही नान्तमध्ये, जिथे 1974 चा करंडक दोन गुणांनी निसटला होता.

2008 मध्ये पुन्हा घसरण झाली, पण वर्षभरात संघ परतला. बोर्गींसारखा एकच धनी आता मिळणार नव्हता. 2010 मध्ये शहरातल्या अनेक छोट्यामोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन 'वारेझे नेल क्वोरे', म्हणजे 'वारेझे हृदयात', असा गट स्थापन केला आणि क्लबचा भार वाटून घेतला. 2012-13 मध्ये संघ लीगमध्ये पहिला राहिला आणि उपान्त्य फेरीच्या मालिकेत सिएनाशी सातव्या सामन्यात हरला. 2016 मध्ये फिबा युरोप कप या खालच्या युरोपियन स्पर्धेचा अंतिम सामना, तिथे फ्रँकफर्टकडून पराभव. अजिंक्यपदांच्या यादीत इटलीत वारेझे आजही मिलान आणि बोलोन्याच्या व्हिर्तुसच्या मागे तिसरं आहे. युरोपच्या सर्वांत मोठ्या करंडकांत मात्र इटलीतला कोणताही क्लब अजून त्यांच्या पाचाच्या आकड्याला पोचलेला नाही.

2020 मध्ये अर्जेंटिनाचा लुईस स्कोला कारकिर्दीचं शेवटचं वर्ष खेळायला वारेझेला आला. खेळ थांबवल्यावरही तो तिथेच राहिला आणि क्लबचा कारभार त्यानं हाती घेतला. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनानं सुवर्णपदक जिंकलं, त्या संघाचा तो आधारस्तंभ. अंतिम सामन्यात त्यांनी 84-69 नं हरवलं ते इटलीला. हरलेल्या संघात पोझेक्को होता, गालांदा होता, आणि बाकावर प्रशिक्षक म्हणून रेकालकाती.